वाचकांचे प्रश्न : इंजिन नवे, हीटर कोर जुना

पावसाळ्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली, म्हणून या अंकातली सगळी जागा तिलाच देत आहे. ताकद वाढवण्यासाठी गाडीचे इंजिन बदलले आणि त्यानंतर हीटर कोर गळू लागला, अशी ही तक्रार आहे. हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिकच्या पेटीत बसवलेला, शाळेच्या वहीएवढा लहान रेडिएटर. आपल्याकडचे मिस्त्री त्याला हीटर कॉइल म्हणतात. इंजिनातले गरम पाणी एका होजने त्यात येते, दुसऱ्या होजने वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला परत जाते आणि ब्लोअरची हवा त्यावरून जाताना गरम होऊन केबिनमध्ये येते. पाण्याच्या यंत्रणेचा हा एकच भाग माणसे बसतात तिथे असतो आणि तो फुटला तर उकळते पाणी थेट पायांवर येते. माझ्या स्वतःच्या गाडीत हे घडले तेव्हा शेजारी बसलेल्या धाकट्या भावाचा उजवा पाय घोट्यापर्यंत भाजला होता. त्यामुळे मी हे प्रश्न किरकोळ समजत नाही. उत्तरांमध्ये कूलंट मिसळलेल्या पाण्यालाही सोयीसाठी पाणीच म्हटले आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची जिप्सी आहे. दीड वर्षापूर्वी तिचे १.३ लिटरचे इंजिन काढून बलेनोचे १.६ लिटरचे इंजिन बसवून घेतले. पहाटे दुधाचे कॅन पोचवायला आणि वर्षातून दोन-तीन वेळा मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींना हीच गाडी नेतो. इंजिन बदलल्यापासून हीटर कोर दोनदा फुटला. पहिला जुनाच होता म्हणून मनावर घेतले नाही, पण दुसरा नवा असून अकरा महिन्यांत गेला. दोन्ही वेळा आधी काही दिवस काचेवर आतून चिकट धूसर थर येत होता, गोडसर वास येत होता आणि पायाखालची चटई ओली व्हायची. मिस्त्रींच्या मते माल डुप्लिकेट होता. खरे कारण काय असावे? (एक शेतकरी वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : एकाच गाडीत लागोपाठ दोन कोर गेले असतील, तर मालाला दोष देण्याआधी त्या कोरपर्यंत काय पोचत होते ते तपासले पाहिजे. फुटलेला कोर आपण भंगारात घातला नसेल तर तो स्वच्छ धुऊन उन्हात धरून पाहा, कारण तो कशाने गेला हे बहुतेक वेळा त्याच्या जखमेवरून कळते. चपट्या नळ्या फुगून गोलसर झाल्या असतील किंवा नळ्या आणि टाकी यांच्यातला जोड उघडला असेल, तर तो दाबाने गेला. पाणी आत येते तिथल्या पहिल्याच वळणावर धातू घासून कागदासारखा पातळ झाला असेल, तर पाण्याच्या वेगाने गेला. सुईच्या टोकाएवढी भोके पडून त्यांच्या कडेला अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी किंवा तांब्यावर हिरवट खरपुडी जमली असेल, तर विजेच्या गळतीने किंवा निकामी झालेल्या कूलंटने गेला. तडा निपलच्या, म्हणजे होज जिच्यावर चढते त्या कोरच्या नळीच्या, मुळाशी असेल तर दोष होजच्या ओढाताणीचा. माझ्या कामाच्या टेबलावर असे कापलेले तीन कोर कायम ठेवलेले असतात आणि समोरच्या माणसाला त्यातला फुगलेल्या नळीचा तुकडा हातात दिला, की पुढचे बोलणे फार सोपे होते.

आपल्या गाडीत मला पहिला संशय दाबाचा आणि वेगाचा येतो, आणि त्याला कारण आपल्या पत्रातली पहाटेची फेरी आहे. रेडिएटरच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो आणि टोपण किती बार दाबाला उघडेल हे तो सांगतो (बार हे दाबाचे माप). यंत्रणेत त्यापेक्षा जास्त दाब कुठेच येत नाही, अशी पुष्कळ जणांची समजूत असते आणि ती चुकीची आहे. टोपणाचा दाब हा पाया झाला. त्यावर वॉटर पंपाचा दाब चढतो आणि हा दाब इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३००० फेऱ्यांना जेवढा असेल त्याच्या चौपट ६००० फेऱ्यांना होतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसे तापले की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. बहुतेक थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतात. तो पाणी बाहेर पडण्याच्या बाजूला असेल, तर उघडेपर्यंत रेडिएटरची मोठी वाट बंद असते आणि पंपाचा सगळा जोर बायपास (रेडिएटर टाळून पाणी पंपाकडे परत नेणारी वाट) आणि हीटर या दोन अरुंद वाटांवर येतो. पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापले आहे, टोपणाचा दाब चढू लागला आहे, पण थर्मोस्टॅट अजून मिटलेलाच आहे, अशा वेळी कुणी गिअर खेचून इंजिन ५००० फेऱ्यांपर्यंत नेले, तर कोरवर सर्वांत वाईट भार पडतो. दूध वेळेवर पोचवण्याच्या घाईत हे रोज घडत असेल, तर नवा कोर अकरा महिन्यांत जाण्याचे मला नवल वाटत नाही. तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत फेऱ्या २५०० च्या आत ठेवाव्यात, एवढ्यानेही कोरचे आयुष्य पुष्कळ वाढते.

कंपनीने गाडी बनवली तेव्हा तो पंप, ती पुली, ती होज आणि तो कोर यांचा एकमेकांशी मेळ घातलेला होता. इंजिन बदलले की पंप बदलतो, पण कोर जुन्याच हिशेबाचा राहतो. म्हणून बदललेल्या इंजिनावरची पंपाची पुली मूळ मापाची आहे की कुणी लहान बसवली आहे, हे आधी बघा. लहान पुलीने पंप जास्त फिरतो आणि वर सांगितलेला वर्गाचा हिशेब तिथेही लागू होतो.

यावरचा उपाय स्वस्त आणि जुना आहे. हीटरकडे जाणाऱ्या होजमध्ये रिस्ट्रिक्टर, म्हणजे प्रवाह आवळणारा बुश बसवावा. ही काही गावठी युक्ती नाही. अमेरिकेत फोर्डच्या १९८० च्या दशकातल्या ५.० लिटरच्या मस्टँगमध्ये कंपनीच असा रिस्ट्रिक्टर हीटरच्या होजमध्ये घालत असे आणि होज बदलताना तो परत बसवायचा राहिला, की कोर गळतो, हा तिथल्या गाडीवाल्यांचा नेहमीचा अनुभव आहे. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कोणताही लेथवाला पितळेच्या गजातून तो तासभरात करून देईल. होजचे आतले माप १६ मिलिमीटर असेल तर बाहेरून तिच्यात घट्ट बसेल असा, सुमारे २५ मिलिमीटर लांबीचा बुश घ्यावा आणि त्याला मधून ८ मिलिमीटरचे भोक पाडावे. वाट अर्ध्या व्यासाची झाली की तिचे क्षेत्रफळ चौथाई होते आणि विदर्भातल्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीला तेवढे पाणी भरपूर पुरते. भोकाच्या दोन्ही कडा कानशीने गोल कराव्यात, नाहीतर धारदार कडेमागे पाण्यात भोवरे उठून होज आतून कुरतडली जाते. बुश इंजिनाच्या बाजूला, कोरपासून दूर बसवावा आणि तो सरकू नये म्हणून होजवर बाहेरून क्लिप आवळावी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पाणी वाहत असेल तेव्हाच रिस्ट्रिक्टर दाब कमी करतो, पाणी थांबले की त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखाच होतो. हीटरचा कॉक कोरच्या परतीच्या बाजूला असेल आणि उन्हाळाभर बंद असेल, तर रिस्ट्रिक्टर असूनही कोरवर पंपाचा पूर्ण दाब बसतो. म्हणून कॉक आत येणाऱ्या होजवर घ्यावा. तो बंद असला तरी परतीच्या वाटेने टोपणाचा दाब कोरवर राहतोच, पण पंपाचे धक्के त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

दाबाचा बंदोबस्त केल्यावर अर्थिंगकडे वळावे, कारण बदललेल्या इंजिनात हमखास राहून जाणारे काम तेच आहे. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसते, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेले असते. मूळ गाडीत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी असते. इंजिन काढताना ती निघते आणि नवे बसवताना कुणाच्या ध्यानात राहत नाही, किंवा रंगावरच बोल्ट आवळला जातो. मग स्टार्टर आणि अल्टरनेटरचा प्रवाह परतीसाठी जी वाट सापडेल ती धरतो, आणि पाणी ही त्यातली एक वाट असते. पाण्यातून वीज वाहिली की पातळ नळ्यांचा धातू कणाकणाने विरघळत जातो.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचे टोपण काढावे, काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी आणि लाल पिन पाण्यात बुडवावी, मात्र ती धातूला टेकू देऊ नये. आधी सगळे बंद ठेवून आकडा पाहावा, मग सहायकाला स्टार्टर मारायला सांगून आणि त्यानंतर इंजिन चालू ठेवून दिवे, पंखा, ब्लोअर एकेक लावत पाहावा. ०.१ व्होल्टपर्यंतचा आकडा निर्धास्त समजावा. ०.३ च्या वर गेला तर त्याच दिवशी काम हाती घ्यावे. एखादे उपकरण लावताच आकडा उसळला तर दोष अर्थिंगचा, आणि बॅटरीची दोन्ही टोके सोडवूनही पाणी आणि इंजिनाचा धातू यांच्यात तो तसाच राहिला तर दोष कूलंटचा. बॅटरीच्या मुख्य केबलइतकीच जाड केबल गिअरबॉक्सच्या बोल्टपासून चासीपर्यंत आणि दुसरी पट्टी इंजिनाच्या हेडपासून फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यापर्यंत, द्यावी आणि दोन्हीकडचा रंग खरवडून लखलखीत धातूवर ती आवळावी. काही जण कोरलाच स्वतंत्र अर्थिंग देतात. त्यामुळे कोर उलट प्रवाहाच्या वाटेत येतो, म्हणून तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जाता जाता कागदपत्रांविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असे बदल गाडीत करता येत नाहीत आणि इंजिन बदलण्याआधी नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपल्या गाडीच्या नोंदणी पुस्तकात नव्या इंजिनाचा क्रमांक चढलेला नसेल तर ते काम आधी पूर्ण करावे, कारण अपघात झाला तर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडतो.

प्रश्न : आमचे गॅरेजवाले सांगतात की चंद्रपूर जिल्ह्यात हीटरची गरजच काय, दोन्ही होज काढून तोंडे बंद करून टाका, म्हणजे कोर फुटण्याची भीतीच नको. हे बरोबर आहे का? (एक वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या भागात हा सल्ला पटकन पटतो, पण तो तसाच मानू नये. पुष्कळ इंजिनांत हीटरची वाट हा पाण्याच्या फिरण्याचा आवश्यक भाग असतो. थर्मोस्टॅट पंपाच्या ओढीच्या बाजूला असेल, तर इंजिनातले गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचल्याशिवाय तो उघडत नाही, आणि ते पोचण्याची एक वाट हीटरमधून जाते. ती तोंडे बुजवली तर थर्मोस्टॅट उशिरा आणि झटक्याने उघडतो, मधल्या वेळात हेडमध्ये काही जागा प्रमाणाबाहेर तापतात, आणि कोर वाचवायला गेलेला माणूस हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधल्या सीलचा, खर्च ओढवून घेतो. कोर काढायचाच असेल तर दोन्ही तोंडे एकमेकांना होजने जोडून द्यावीत आणि त्या होजमध्येही वर सांगितलेला रिस्ट्रिक्टर घालावा, नाहीतर रेडिएटरकडे जायचे पाणी या मोकळ्या वाटेने थंड न होताच परत येत राहील. जनरल मोटर्सच्या एल.एस. मालिकेतली व्ही-८ इंजिने जगभर दुसऱ्या गाड्यांत बसवली जातात आणि त्यांत थर्मोस्टॅट ओढीच्याच बाजूला असतो. म्हणून हीटर बंद ठेवायचा झाला तर ती बसवणारे कारागीर साध्या कॉकऐवजी चार तोंडांचा कॉक वापरतात, म्हणजे कोर बंद असला तरी पाणी बाहेरच्या बाहेर फिरत राहते.

तरीही कोर ठेवावा असेच मी सांगेन. पावसाळ्यात काचेवर आतून येणारे दव गरम हवेने जसे झटकन जाते तसे फडक्याने जात नाही, आणि ताकद वाढवलेली गाडी काच नीट न दिसता चालवणे हा जिवाशी खेळ आहे. दुसरे कारण उन्हाळ्याचे आहे. भर दुपारी घाट चढताना काटा लाल रेघेकडे सरकू लागला, तर खिडक्या उघडून हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करावा. केबिनमध्ये बसवत नाही, पण इंजिनातली बरीच उष्णता त्या लहान रेडिएटरमधून बाहेर पडते आणि गाडी सावलीत उभी करण्याएवढी सवड मिळते.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. गाडीत बोअरचे पाणी आणि हिरवे कूलंट घालतो, कमी झाले की दुकानात मिळेल ते, कधी गुलाबीही घालतो. मिस्त्रींनी हीटर कोर काढला तेव्हा त्यातून तांबूस चिखल निघाला. पाणी कोणते वापरावे? (एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातले, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातले भूजल शेताला चालत नाही आणि माणसाला पिववत नाही, मग अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पत्र्याच्या नळ्या असलेल्या कोरला ते कसे सोसेल? अॅल्युमिनियमवर मुळात ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा असतो आणि तोच त्या धातूचे रक्षण करतो. खाऱ्या पाण्यातली क्लोराइडे हा पापुद्रा जागोजागी फोडतात आणि तिथे खळगा पडत पडत आरपार भोक होते. पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम असेल तर ते सर्वांत गरम जागी पापडीसारखे चिकटते, मग तिचे तुकडे सुटून वाहत जातात आणि सगळ्यांत अरुंद वाटेत, म्हणजे हीटर कोरमध्ये, अडकतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांनीही आपले पाणी खारे नाही म्हणून निश्चिंत राहू नये. जडपणा तिकडच्या बोअरलाही आहे.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे क्षारविरहित पाणी कॅनमध्ये मिळते, ते वापरावे. आर.ओ.च्या पाण्यात क्षार कमी असतात पण संपलेले नसतात, तेव्हा अडीअडचणीला ते चालेल, कायमचे नको. पावसाचे पाणी पत्र्यावरून धरलेले असेल तर धूळ आणि गंज घेऊन येते, म्हणून तेही टाळावे.

कूलंटविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे अनेक जण विचारतात. विदर्भात त्याचे काम पाणी गोठू न देणे हे नाहीच. ते धातूला गंजापासून वाचवते आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते. साधे पाणी ०.९ बारच्या टोपणाखाली सुमारे ११८ अंशांना उकळते, कूलंट मिसळल्यावर त्याहून काही अंश वर. मात्र नुसते पाणी उष्णता अधिक चांगली वाहून नेते, म्हणून आपल्या हवामानात अर्धे कूलंट घालण्याची गरज नाही. तीस ते चाळीस टक्के पुरेसे आहे. त्याहून कमी केले तर गंजरोधक द्रव्ये इतकी विरळ होतात की असून नसल्यासारखी.

कूलंटच्या रंगावर विसंबू नये. रंग कोणता द्यावा याचा सर्वांना बांधील असा नियम नाही. हिरवे म्हणून विकले जाणारे बहुधा सिलिकेटचे आणि दोन वर्षांत बदलायचे असते, गुलाबी किंवा केशरी बहुधा सेंद्रिय आम्लांचे आणि जास्त टिकणारे असते, पण डब्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय हे धरून चालता येत नाही. दोन जातींची कूलंटे एकत्र झाली की दोघांतली संरक्षक द्रव्ये एकमेकांना निकामी करू शकतात आणि कधी कधी साक्यासारखा गाळ धरतो. आपल्या कोरमधला तांबूस चिखल हा अशा गाळाचा आणि गंजाचा मिळून झालेला असावा. इंजिन दुसऱ्या गाडीतून आणले असेल, तर त्याच्या पोटात आधीच्या मालकाने काय भरले होते हे कुणालाच माहीत नसते. म्हणून नवा कोर जोडण्याआधी इंजिन आणि रेडिएटर दोन्ही दिशांनी धुऊन घ्यावेत, निचरा स्वच्छ येईपर्यंत, आणि शेवटची धुणी क्षारविरहित पाण्याची असावी. हे काम कोर जोडण्याआधीच करावे, कारण नंतर केले तर सगळा गाळ नव्या कोरमध्येच जाऊन बसतो.

काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात अंगणात ठेवू नका. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते आणि कुत्री, वासरे, शेळ्या ते चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून मुलांच्या आणि जनावरांच्या हाताबाहेर ठेवा.

प्रश्न : कोर थोडासाच गळतो. हळद टाकली तर चालेल का? (एक वाचक, उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : चालणार नाही. ट्रकच्या जुन्या पितळी रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून मुक्कामापर्यंत पोचलेले ड्रायव्हर मी पाहिले आहेत आणि त्या वेळेपुरता तो उपाय होता. हीटर कोरच्या नळ्या त्याहून कितीतरी अरुंद असतात. हळद भोकावर बसण्याआधी नळ्यांच्या तोंडाशीच बसते, कोर निम्मा बंद होतो आणि उरलेल्या नळ्यांवर वेग वाढतो. बाटलीत मिळणारी गळतीरोधक पावडरही याच जातीची. कोर बदलेपर्यंत गाडी चालवणे भाग असेल, तर दोन्ही होज कोरपासून सोडवून एकमेकांना जोडा आणि कोर कोरडा ठेवा.

प्रश्न : झेनमध्ये एस्टीमचे १.३ इंजिन बसवले आहे. हीटरची होज निपलपाशी दोनदा निसटली, तिसऱ्या वेळी निपलच वाकले. शिवाय डॅशबोर्डमागून पाणी वाहिल्यासारखा गुळगुळ आवाज येतो. (एक विद्यार्थी वाचक, पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिले ओढाताणीचे आहे. जास्त ताकदीचे इंजिन गॅस दिल्याबरोबर फाउंडेशनवर जोराने कलते, बॉडी जागीच असते आणि होज आखूड असेल तर तो हिसका सरळ कोरच्या निपलवर बसतो. इंजिन कडक फाउंडेशनवर घेतले असेल तर कलणे कमी होते, पण थरथर वाढते आणि निपलच्या जोडाला तीही सोसत नाही. होज सरळ ताणून न नेता तिला इंग्रजी एस अक्षरासारखे वळण द्यावे, इंजिन हाताने जोर लावून हलवल्यावरही तिच्यात ढील उरली पाहिजे. फायरवॉलपाशी होज रबर लावलेल्या क्लिपने बॉडीला बांधून टाकावी, म्हणजे हिसका त्या क्लिपवर थांबेल. एक्झॉस्टपासून ती चार बोटे तरी लांब हवी. जुनी होज काढताना पिळू नये, हे शिकाऊ मुलांना मी हात धरून सांगतो. ती निपलला चिकटलेली असते आणि पिळले की आत निपलचा जोड सुटतो. धारदार सुरीने होज लांबीच्या दिशेने चिरावी आणि केळीच्या सालीसारखी उलगडून काढावी. होज वाया गेली तरी चालेल, पण कोर बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

गुळगुळ आवाज हा कोरमध्ये अडकलेल्या हवेचा आहे. इंजिन बदलल्यावर पुष्कळदा कोर हीच यंत्रणेतली सर्वांत उंच जागा ठरते आणि हवा तिथेच जमते. हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या रेषेवर धातू लवकर गंजतो. गाडीचे नाक वर राहील अशी ती शेताच्या बांधावर किंवा चढावर उभी करा, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन थंड असताना टोपण काढून पाणी भरा आणि मंद गतीवर चालू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहा. बुडबुडे थांबतच नसतील आणि गाडी थंड असतानाच, सुरू केल्यावर मिनिटभरात वरची होज दगडासारखी टणक होत असेल, तर हवा बाहेरची नाही. हेड गॅस्केटमधून जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे. त्या अवस्थेत कितीही चांगला कोर घातला तरी तो टिकणार नाही, आधी हेड उतरवावे लागेल.

प्रश्न : मी गॅरेज चालवतो. डॅशबोर्ड पुन्हा बसवण्याआधी नवा कोर कसा तपासावा? (एक मिस्त्री वाचक, तिरोडा, जि. गोंदिया)

उत्तर : एक निपल रबरी बुचाने बंद करा, दुसऱ्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला होजचा तुकडा लावा आणि कोर पाण्याच्या टाकीत पूर्ण बुडवा. दाबाचा काटा असलेल्या पंपाने टोपणावरच्या आकड्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे ०.९ चे टोपण असेल तर १.२ बारपर्यंत दाब द्या आणि दहा मिनिटे काट्यावर नजर ठेवा. बुचे तारेने बांधलेली असावीत आणि तोंड टाकीवर वाकवू नये. त्याहून जास्त दाब देऊन ताकद अजमावू नका, त्याने चांगला कोरही फुगू शकतो. कोर गाडीत बसल्यावर, डॅशबोर्डचा एकही स्क्रू लावण्याआधी, गाडी सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि दोन्ही निपलांखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून रात्रभर तशीच राहू द्या. जोड गरम असताना फुगून गच्च बसतात आणि थंड झाल्यावर आकसून सुटतात, त्यामुळे अर्धी गळती सकाळीच दिसते. कागदावर डाग नसेल तर डॅशबोर्ड चढवा.